दुखणं बोटांत, उगम भलतीकडे

मँचेस्टरच्या ॲलन सिल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ब्रिटनभरच्या जुळ्यांची एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या तेरा जोड्यांवर माझं लक्ष खिळलं, ते अजून सुटलेलं नाही. ही सगळी जुळी एकाच फलित बीजापासून झालेली होती. म्हणजे जनुकं तीच, आईचं पोट तेच, बहुतेकांचं लहानपणचं घरही तेच. प्रत्येक जोडीत एका भावंडाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेला, दुसऱ्याला नाही. आणि प्रत्येक जोडीत एक भावंड सिगारेट ओढणारं, दुसरं न ओढणारं. आजार कोणाच्या वाट्याला आला? तेरापैकी बारा जोड्यांत सिगारेट ओढणाऱ्याच्या.

तेरा हा आकडा लहान आहे, त्यावर कोणी इमारत बांधू नये. पण प्रश्न मात्र मोठा आहे. धूर जातो छातीत. दुखतात ती हाताची बोटं. मधल्या वाटेत नेमकं काय घडतं?

आधी आजाराची ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे सगळ्या सांधेदुखीला सरसकट ‘वात’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. उतारवयात गुडघे कुरकुरतात, जिना चढताना कळ येते, तो हा आजार नव्हे. तिथे सांध्यातली कूर्चा झिजलेली असते. आपण बोलतोय तो आजार, ज्याला बरेच वैद्य आमवात म्हणतात, तो झिजेचा नाही. इथे शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या आतल्या मऊ अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारचं हाड कुरतडायला लागतं. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. वेणी घालता येत नाही, कुकरचं झाकण फिरत नाही, आणि हा आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ हटत नाही. दोन्ही हातांची तीच तीच बोटं एकदम दुखतात. यातही एक गंमत आहे: बोटांच्या मुळाची आणि मधली पेरं सुजतात, टोकाची मात्र सहसा सुटतात.

जगात साधारण दर दोनशे ते शंभर माणसांमागे एकाला हा आजार असतो. बायकांना तो पुरुषांच्या दोन ते तीन पट होतो, आणि सुरुवात बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान. महाराष्ट्रातल्या खेड्यात त्याचं प्रमाण किती, हेही आपल्याला ठाऊक आहे आणि त्याचं श्रेय उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावाला जातं. इंदापूर तालुक्यातलं भिगवण आज लोकांना रोहित पक्ष्यांमुळे माहीत आहे. संधिवाताच्या जगात ते दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पथकाने तिथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना ‘काही दुखतं का’ असं विचारलं आणि दुखणाऱ्यांना तपासलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमातली ही भारतातली सुरुवातीची पाहणी. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं प्रमाण निघालं शेकडा अर्ध्याच्या आसपास. त्याआधी १९९३ मध्ये दिल्लीजवळच्या बल्लभगडच्या पाहणीत डॉ. मालवीय यांना ते शेकडा ०.७५ आढळलं होतं. युरोपातले आकडे याच पट्ट्यातले. म्हणजे हा काही थंड हवेच्या देशांचा आजार नाही.

गावात कारणं विचारलीत तर यादी तयार असते. थंड पाण्यात काम केलं. दही-ताक सोडलं नाही. वांगं खाल्लं. बाळंतपणात नीट पाळलं नाही. यातल्या शेवटच्या कारणाकडे आपण पुन्हा येऊ, कारण त्यात वाटतं त्याहून अधिक तथ्य दडलेलं आहे.

जुळ्यांकडे परत जाऊ. सिल्मन यांच्याच गटाने १९९३ मध्ये एकबीज जुळ्यांच्या ९१ जोड्या अशा शोधल्या होत्या, ज्यांत निदान एकाला तरी हा आजार होता. दुसऱ्यालाही होता का? फक्त १४ जोड्यांत. सुमारे शेकडा १५. द्विबीज जुळ्यांत तर शेकडा चारहून कमी. दोन्ही आकडे एकत्र वाचले की चित्र मजेशीर होतं. जनुकांना अर्थ आहे, नाहीतर पंधरा आणि चार यांत एवढी तफावत पडली नसती. पण जनुकंच सगळं ठरवत असती तर पंधराच्या जागी शंभर दिसायला हवे होते. उरलेल्या शेकडा पंच्याऐंशी जोड्यांत तेच जनुक घेऊन जन्मलेलं भावंड धडधाकट राहिलं. तेव्हा नशिबाशिवाय आणखी काहीतरी जगण्यात, श्वासात, कामात, तोंडात घडत असलं पाहिजे.

कोणतं जनुक? १९७८ मध्ये अमेरिकेत पीटर स्टॅस्टनी यांनी दाखवलं की या रुग्णांत ‘एचएलए-डीआर४’ हा प्रकार फार जास्त सापडतो. १९८७ मध्ये पीटर ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी त्याचा पत्ता आणखी बारीक केला. धोका वाढवणारे एचएलएचे प्रकार वरवर वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्यात एक छोटासा तुकडा सारखा आहे: सत्तर ते चौऱ्याहत्तर या क्रमांकांच्या जागांवरची पाच अमिनो आम्लं. सगळं कोडं या पाच खड्यांपाशी येऊन थांबतं.

एचएलएचा रेणू करतो काय? पेशीत आलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे तो आपल्या खोबणीत धरतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर आणून, कापडवाला गिऱ्हाइकाला चिंधीचा नमुना दाखवतो तसा संरक्षणयंत्रणेच्या पेशींना दाखवतो. हे आपलं, की परकं? सांगा. ती पाच अमिनो आम्लं नेमकी त्या खोबणीच्या काठावर बसलेली आहेत. कोणता नमुना तिथे नीट बसेल आणि कोणता निसटेल, यात त्यांचा मोठा हात असतो.

आता धूर. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेचे लार्स क्लारेस्कोग आणि त्यांचे सहकारी १९९६ पासून नव्याने निदान झालेला जवळपास प्रत्येक रुग्ण आणि त्याच्या जोडीला त्याच वयाचा, त्याच भागातला एक निरोगी माणूस गाठत होते. रक्त घ्यायचं आणि भलीमोठी प्रश्नावली भरून घ्यायची: काय ओढता, काय पिता, काम कसलं, शिक्षण किती. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांनी जे मांडलं ते वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. धूर एकटा असेल तर धोका थोडाच वाढतो. जनुकाचा तो तुकडा एकटा असेल तर काही पट वाढतो. पण तो तुकडा आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असेल आणि वर माणूस सिगारेट ओढत असेल, तर आजाराच्या एका विशिष्ट प्रकाराचा धोका दोन्ही नसलेल्याच्या तुलनेत २१ पट होतो. इथे बेरीज होत नाही. जनुक आणि धूर एकमेकांत गुंततात.

‘विशिष्ट प्रकार’ म्हणजे रक्तात अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडं असणारा. सांधे सुजल्यावर डॉक्टर आरए फॅक्टर या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासणीच्या जोडीला जी टेस्ट लिहून देतात ती हीच. या टेस्टमागे रसायनाचा एक खेळ आहे, आणि त्याची सुरुवात कलिंगडापासून होते.

१९१४ साली जपानमध्ये कोगा आणि ओदाके या दोघांनी कलिंगडाच्या रसातून एक नवं अमिनो आम्ल वेगळं काढलं. पुढे त्याला कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून सिट्रुलिन हे नाव मिळालं. (कलिंगड खुशाल खा. फळातलं सुटं सिट्रुलिन आणि प्रथिनाच्या साखळीत ओवलेलं सिट्रुलिन यांचा आजाराच्या दृष्टीने संबंध नाही.) माणसाच्या डीएनएमध्ये सिट्रुलिनसाठी संकेतच नाही. प्रथिन बनताना ते साखळीत ओवलंच जात नाही. प्रथिन तयार झाल्यावर पीएडी नावाची विकरं त्यातल्या आर्जिनिनच्या खड्याला हात घालतात आणि जागच्या जागी त्याचं सिट्रुलिन करतात. ही काही विकृती नव्हे. आपल्या त्वचेचा वरचा थर तयार होताना हे रोज घडत असतं.

बदल किती? वजनात एका हायड्रोजनच्या अणूएवढाही फरक पडत नाही. आर्जिनिनवरचा धन विद्युतभार तेवढा जातो. आणि आता ती खोबणी आठवा. धोक्याच्या त्या पाच अमिनो आम्लांमुळे खोबणीचा एक कोपरा स्वतःच धनभारित असतो. तिथे आर्जिनिन आलं की धन आणि धन एकमेकांना ढकलतात, तुकडा बसत नाही, कोणाला दाखवला जात नाही आणि भांडणही होत नाही. त्याच जागी सिट्रुलिन आलं की ते आरामात बसतं. मग घरचंच प्रथिन परकं म्हणून दाखवलं जातं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला लागतात. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या शेलेकेन्स आणि व्हॅन व्हेनरॉय यांनी दाखवून दिलं की रुग्णांच्या रक्तातली ही प्रतिपिंडं ज्याला पकडतात त्यात सिट्रुलिन असावंच लागतं. अँटी-सीसीपी टेस्ट त्यातून आली.

धुराची कडी आता जुळते. क्लारेस्कोग यांच्या गटाने माणसांच्या फुप्फुसात खारं पाणी सोडून ते परत ओढून घेतलं आणि त्यात निघालेल्या पेशी तपासल्या. सिगारेट ओढणाऱ्यांच्या पेशींत सिट्रुलिन झालेली प्रथिनं सापडली, न ओढणाऱ्यांच्या पेशींत नाही. धुराने चिडलेल्या फुप्फुसात पीएडी विकरं जोरात कामाला लागतात. म्हणजे वादाची पहिली ठिणगी बोटात पडतच नसावी. ती छातीत पडते आणि तिथून प्रतिपिंडं रक्ताबरोबर सगळीकडे फिरतात.

हे खरं असेल तर आजार दिसण्याआधी प्रतिपिंडं दिसायला हवीत. किती आधी? याचं उत्तर ॲमस्टरडॅमच्या रक्तपेढीच्या शीतगृहात पडून होतं. आजार झालेल्यांपैकी ७९ जण असे निघाले, ज्यांनी पूर्वी, पूर्ण बरे असताना, नियमित रक्तदान केलं होतं. त्यांचे जुने नमुने बाहेर काढून तपासले गेले. २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात पहिलं पेर दुखायच्या आधीच अँटी-सीसीपी किंवा आरए फॅक्टर हजर होता. सरासरी साडेचार वर्षं आधी. काहींच्या रक्तात तर तेरा वर्षांहूनही आधी! माणूस रक्तदान करून बिस्कीट खाऊन घरी गेला, आणि त्या पिशवीत त्याच्या पुढच्या दशकातलं दुखणं होतं. उत्तर स्वीडनमधल्या उमेओच्या रक्तसाठ्यातूनही याच सुमारास असंच निघालं.

आणि इथेच आजाराच्या ‘कारणांची’ ती नेहमीची कंटाळवाणी यादी माझ्यासाठी जिवंत झाली. धूम्रपान, दातांची हेळसांड, धूळ, आतड्यातले जिवाणू... डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यात ही नुसती वाईट सवयींची जंत्री वाटते. पण या गोष्टी शरीरात कुठे भेटतात ते पाहा: फुप्फुस, हिरड्या, आतडं. बाहेरचं जग आपल्याला जिथे जिथे शिवतं त्या ओल्या पृष्ठभागांचा हा नकाशा आहे. सांधा मात्र आतला, बंद, जगाशी कधीच गाठ न पडणारा. तो शेवटी येतो.

हिरड्यांचंच घ्या. पायोरिया झालेल्या हिरड्यांत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा जिवाणू वस्तीला असतो. आर्जिनिनचं सिट्रुलिन करणारं स्वतःचं पीएडी विकर बाळगणारा जिवाणू ही अतिशय विरळा गोष्ट, आणि हा महाभाग नेमका ते बाळगतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही मोजक्या रुग्णांचं रक्त आठवड्या-आठवड्याला तपासलं, तेव्हा हिरड्यांचा आजार असलेल्यांच्या रक्तात तोंडातले जिवाणू वारंवार उतरताना दिसले, आणि त्यांच्याविरुद्धचा प्रतिसाद सिट्रुलिनविरोधी प्रतिपिंडांशी जुळणारा निघाला. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं की आपण थुंकून मोकळे होतो. तीच जखम उलट्या दिशेनेही उघडी असते, हे लक्षात येत नाही.

मग मशेरी? आपल्याकडे खेड्यापाड्यांत बायका सिगारेट ओढत नाहीत, पण मशेरी लावणाऱ्या पुष्कळ. याला समांतर गोष्ट स्वीडनमध्येच आहे. तिथे लोक स्नूस नावाची तंबाखूची ओलसर पूड ओठाखाली धरतात. क्लारेस्कोग यांच्याच पाहणीतल्या माहितीवरून पाहिलं तर स्नूसमुळे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे दोष निकोटिनचा नसून धुराचा असावा. यावरून कोणी मशेरीला क्लीन चिट देऊ नये. ती हिरड्या खाते आणि तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण देते, तेवढं पुरे आहे.

आतड्याबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली नव्याने निदान झालेल्या, औषध सुरू न केलेल्या रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा शेकडा ७५ जणांत प्रेव्होटेला कोप्री हा जिवाणू सापडला. निरोगी लोकांत तो शेकडा २१ जणांतच होता. आधी कोण, जिवाणू की आजार, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

धुळीची कथा जुनी आहे. १९५३ मध्ये कार्डिफचे अँथनी कॅप्लन वेल्समधल्या कोळसा खाण कामगारांच्या छातीचे एक्स-रे पाहत होते. ज्यांना संधिवात होता त्यांच्या फुप्फुसांत वेगळ्याच गोल गोल गाठींच्या सावल्या दिसत. फुप्फुस आणि सांधा यांचं नातं एक्स-रेवर दिसलं होतं, अर्थ लागायला पन्नास वर्षं गेली. पुढे स्वीडनच्या पाहणीत खडक फोडणाऱ्या, सिलिकाची धूळ श्वासात घेणाऱ्या पुरुषांत धोका दुपटीच्या वर गेलेला आढळला. धूळ आणि सिगारेट दोन्ही असतील तर आणखीच. मलेशियात अशीच पाहणी झाली तेव्हा कापड उद्योगातल्या तंतूंच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांना हा धोका जवळपास तिप्पट निघाला. हे वाचताना इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही नावं डोळ्यांपुढे येतात. खडी क्रशरवर तोंडाला नुसता रुमाल बांधून उभी असलेली माणसंही येतात. सिगारेट सोडा, असं एखाद्याला सांगता येतं. श्वास सोडा, असं कसं सांगणार? जीवनशैली हा शब्द अशा वेळी फार उर्मट वाटतो. स्वीडनमध्येसुद्धा कमी शिकलेल्यांत हा आजार जास्त आढळला, आणि सिगारेटचा हिशेब वजा केल्यावरही तो फरक पुरता पुसला गेला नाही.

आता बायका. या आजाराचं आधुनिक वैद्यकातलं पहिलं ठळक वर्णन १८०० साली पॅरिसमध्ये तरुण लाँद्रे-बोव्हे यांनी आपल्या प्रबंधात केलं. रुग्ण नऊ, नऊच्या नऊ बायका. पण ते ज्या साल्पेत्रियेर रुग्णालयात काम करत ते मुळी बायकांचंच होतं, त्यामुळे यातून फार काही काढायला नको! तरी त्यांचं एक निरीक्षण अचूक होतं. गाऊट हा खात्यापित्या श्रीमंत पुरुषांचा आजार समजला जाई. हे दुखणं तसं नव्हतं, ते गरीब बायकांना गाठत होतं.

दोनशे वर्षांनंतरही ‘बायकांनाच का’ याचं एकच एक उत्तर हाती नाही, पण सुगावे भन्नाट आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी १९३०च्या दशकात पाहिलं की गर्भार राहिल्यावर कित्येक रुग्ण बायकांचे सुजलेले सांधे आपोआप निवळतात. कावीळ झाली तरी तसंच होतं. हेंच यांनी अंदाज बांधला की शरीर या दिवसांत काहीतरी द्रव्य जास्त बनवत असावं. त्याच्या शोधात १९४८ मध्ये ते कॉर्टिझोनपर्यंत पोहोचले आणि १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शोध मोठा, पण गर्भारपणाचं कोडं त्याने पूर्ण सुटलं नाही. १९९३ मध्ये सिॲटलच्या ली नेल्सन यांनी दाखवलं की बाळाचे वडिलांकडून आलेले एचएलए आईपेक्षा जितके वेगळे, तितका गर्भारपणात आराम पडण्याचा संभव जास्त. पोटातलं निम्मं परकं बाळ सांभाळताना आईची संरक्षणयंत्रणा नमतं घेते आणि त्याच नमण्यात सांध्यांनाही उसंत मिळते.

बाळंत झाल्यावर काय? आजार उसळतो. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत तो नव्याने सुरू होण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणून ते गावातलं वाक्य. ‘बाळंतपणात नीट पाळलं नाही’ म्हणणाऱ्या आज्यांनी कारण चुकीचं लावलं, दोष सुनेच्या माथी मारला, पण वेळ अगदी बरोबर टिपली होती. कित्येक पिढ्या, वही-पेन्सिलीशिवाय. अमेरिकेत १९७६ पासून लाखाहून अधिक परिचारिकांचा मागोवा घेणारी एक पाहणी चालू आहे. तिच्यात असं दिसलं की सगळी बाळंतपणं मिळून दोन वर्षं किंवा जास्त काळ अंगावर पाजलेल्या बायकांना पुढे हा आजार होण्याचा धोका न पाजलेल्यांच्या सुमारे निम्मा होता. ज्यांची पाळी लवकर गेली त्यांच्यात धोका जास्त. आजार बायकांच्या आयुष्यातल्या संप्रेरकांच्या चढउतारांवर इतक्या बारकाईने लक्ष ठेवून असतो.

देश आणि वंश यांचे आकडे आणखी चक्रावून टाकतात. ॲरिझोनातल्या हिला नदीकाठच्या पिमा आदिवासींत हा आजार शेकडा पाचच्या आसपास सापडला, म्हणजे जगाच्या कितीतरी पट. उलट १९९०च्या दशकात नायजेरियाच्या खेड्यांत दोन हजार माणसं तपासून एकही रुग्ण मिळाला नव्हता. एवढ्यावर थांबलो तर सगळं जनुकांच्या खात्यावर टाकता येईल. पण १९६५ ते १९९० या पंचवीस वर्षांत पिमांमध्येच नव्या रुग्णांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पंचवीस वर्षांत जमातीची जनुकं बदलत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत १९७५ च्या सुमारास खेड्यातल्या त्स्वाना लोकांत हा आजार फार विरळ होता, तर सोवेटोच्या शहरी वस्तीत युरोपाइतका. अमेरिकेत मिनेसोटातल्या ऑल्मस्टेड परगण्यात १९५५ पासून चाळीस वर्षं तो घटत गेला आणि नव्वदीच्या मध्यानंतर बायकांत पुन्हा वाढायला लागला. जन्माबरोबर आलेलं आणि जगताना अंगाला लागलेलं, दोन्हींचे ठसे या आकड्यांत एकावर एक उमटलेले आहेत.

खाण्यापिण्याचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण लोक सगळ्यात आधी तेच विचारतात आणि पुरावा तिथेच सगळ्यात पातळ आहे. लठ्ठपणाने धोका थोडा वाढतो. त्या परिचारिकांच्या पाहणीत रोज गोड सोडा पिणाऱ्यांत तो जास्त निघाला. सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो ड जीवनसत्त्वाचा: अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्यांना स्वतःवरच उलटणारे सगळ्या प्रकारचे आजार मिळून २२ टक्के कमी झाले. वांग्याविरुद्ध मात्र असा कुठलाच भक्कम पुरावा नाही. भरीत खावं.

आता एक खबरदारी. धोका वाढवणारी गोष्ट आणि एखाद्या बाईच्या आजाराचं कारण, या दोन गोष्टी एक नव्हेत. स्वीडनमध्ये हिशेब केला तर धूम्रपानाच्या खात्यावर एकूण रुग्णांपैकी शेकडा वीसच जातात आणि अँटी-सीसीपी असलेल्यांपैकी शेकडा पस्तीस. बाकीच्यांचा आजार धुराशिवायच आला. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. आपल्याकडची टिपिकल रुग्ण म्हणजे आयुष्यात विडीला हात न लावलेली चाळिशीतली बाई. तिला ‘तुम्ही काय केलंत म्हणून हे झालं’ असं विचारणाऱ्याने आकडे पुन्हा वाचावेत. आणि जो ओढतो त्याच्यासाठीही एक आकडा आहे: सिगारेट सोडल्यावर धोका उतरतो, पण इतक्या हळू की परिचारिकांच्या पाहणीत तीस वर्षांनीही तो उतरतच होता. सोडून तीस वर्षं झालेल्यांना नुकत्याच सोडलेल्यांपेक्षा अँटी-सीसीपी किंवा आरए फॅक्टर असलेल्या प्रकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता.

प्रतिपिंडं वर्षानुवर्षं आधी येतात, तर मग आजार यायच्या आधीच त्याला अडवता येईल का? ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हेच करून पाहिलं. अँटी-सीसीपी आहे, सांधे दुखतात, पण सूज अजून नाही, अशा २१३ जणांना त्यांनी निवडलं. निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲबाटासेप्ट या औषधाचं इंजेक्शन, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. २०२४ मध्ये निकाल आला. वर्षाअखेर औषधवाल्यांपैकी शेकडा ६ जणांना आजार झाला होता, दुसऱ्या गटात शेकडा २९. मग इंजेक्शनं थांबवली. आणखी एका वर्षाने आकडे होते २५ आणि ३७. आजार टळला की नुसता पुढे गेला, यावर आता डॉक्टरांत वाद आहे. अजून आजारीच नसलेल्या माणसाची संरक्षणयंत्रणा महागड्या औषधाने दाबून ठेवावी का, यावर त्याहून मोठा. कारण बिनऔषधाचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी शेकडा ६३ जणांना दोन वर्षांनंतरही आजार झालाच नव्हता.